सोफिया: पायाखाली बघायचं शहर

सोफियाला जाऊन आलेल्या पुष्कळांचं म्हणणं एकच असतं: एक मोठं चर्च आहे, एक लांबलचक खरेदीचा रस्ता आहे, अर्ध्या दिवसात गाव संपलं. असं का वाटतं ते पहिल्या तासाभरातच कळतं. मान वर करून चालणाऱ्याला इथे करड्या सरकारी इमारती आणि ट्रामच्या तारा दिसतात. जुनं शहर आहे, पण ते रस्त्याच्या पातळीखाली आहे. दोन हजार वर्षं माणसं त्याच जागी राहत गेली, प्रत्येकाने आधीच्याच्या ढिगाऱ्यावर घर बांधलं आणि रस्ता वर वर चढत गेला. म्हणून सोफियात जिन्याच्या पायऱ्या उतरायची तयारी हवी. चार दिवस आणि वर परतीची सकाळ, एवढा वेळ या गावाला पुरतो. त्यातला एक दिवस डोंगराला आणि एक रिला मठाला.

निघण्याआधी

दोन तारखा लक्षात ठेवा. बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे आणि १ जानेवारी २०२६ पासून तिथलं चलन युरो आहे. त्याआधी लिहिलेलं जे काही वाचाल त्यातली निम्मी माहिती आता शिळी झाली आहे. शेंगेनमध्ये कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. पूर्वी सोफियात काढलेले दिवस त्यात धरले जात नसत. आता धरतात. युरोपातले दिवस संपवून उरलेला आठवडा सोफियात काढायचा जुना हिशेब आज केला, तर मुक्काम बेकायदा ठरेल.

व्हिसाचा अर्ज ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे करायचा. दिवस सारखे असतील तर ज्या देशात आधी उतरणार त्याच्याकडे. शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५. विमा किमान ३०,००० युरोंचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. निघण्याच्या पंधरा दिवस आधी ही शेवटची मुदत आहे, तिच्या भरवशावर राहू नये.

मुंबईहून सोफियाला थेट विमान नाही. इस्तंबूल, दोहा किंवा दुबईला बदलावं लागतं. स्वस्तात पडतं म्हणून इस्तंबूलपर्यंत एक आणि पुढे दुसरं, अशी दोन सुटी तिकिटं काढली तर गोची होते. सामान तिथे उतरवून पुन्हा द्यायचं म्हणजे तुर्कस्तानात प्रवेश करायचा, आणि त्याला वेगळा व्हिसा लागतो. एकाच तिकिटावर पूर्ण प्रवास असेल तर हा प्रश्न येत नाही.

मेचा उत्तरार्ध, जून आणि सप्टेंबर हे दिवस उत्तम. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, म्हणजे पुण्याच्याच उंचीवर आहे, पण चहूबाजूंनी डोंगर आणि मध्ये परात असा त्याचा आकार आहे. हिवाळ्यात थंड हवा या परातीत साचते, वर ऊबदार हवेचं झाकण बसतं आणि चुलीबंबांचा, गाड्यांचा धूर बाहेर पडतच नाही. जानेवारीत खालचं गाव धुक्याधुरात आणि वर डोंगरावर लख्ख ऊन, असं कित्येक दिवस चालतं. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी तो महिना टाळावा.

दिवस पहिला: विमानतळ ते सेर्दिका

विमानतळावर आता शेंगेनची नवी नोंदणी आहे: बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो. पहिल्यांदा जाणाऱ्याला रांगेत वेळ लागतो. बाहेर आल्यावर टर्मिनल २ ला लागूनच मेट्रोचं स्थानक आहे. टर्मिनल १ ला उतरलात तर फुकट शटल बस दोनला सोडते. तिकिटाच्या यंत्राशी झटापट करू नका. फाटकावर बँकेचं कार्ड टेकवलं की झालं. भाडं एक युरोच्या आत. तेच कार्ड दिवसभर ट्राम-बसमध्येही टेकवत राहिलात तर ठरावीक रकमेच्या वर पैसे कापले जात नाहीत. माणशी एक कार्ड ठेवा आणि दिवसभर तेच वापरा. सकाळी प्लास्टिकचं कार्ड आणि दुपारी फोन असं केलंत तर यंत्राला ती दोन माणसं वाटतात आणि मर्यादेचा फायदा जातो.

टॅक्सीची गरज मध्यरात्रीनंतरच पडते, तेव्हा मेट्रो बंद असते. सगळ्या टॅक्स्या पिवळ्या, आणि फसवणूकही त्या पिवळेपणातूनच होते: नावाजलेल्या कंपनीच्या नावात एखादं अक्षर इकडेतिकडे केलेली, तसाच शिक्का लावलेली गाडी दाराशी उभी असते. मीटर चालू असतो, दर मात्र कितीतरी पट. प्रत्येक गाडीच्या काचेवर किलोमीटरचा दर छापलेला असतो, दिवसाचा आणि रात्रीचा वेगळा. तो वाचूनच दार उघडा. उगाच 'टॅक्सी? टॅक्सी?' करत आत येऊन गाठणाऱ्याबरोबर जाऊ नये.

मुक्काम सेर्दिका स्थानक, वितोशा बुलेवार्द किंवा एन.डी.के. या राष्ट्रीय सांस्कृतिक भवनाच्या आसपास घ्या. जुन्या इमारतींत लिफ्ट नसणं सर्रास आहे. खोली कितव्या मजल्यावर, हे आधीच विचारा.

आता अक्षरं. पाट्या सिरिलिक लिपीत असतात आणि पहिला गोंधळ इंग्रजीसारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा होतो. इंग्रजी 'पी'सारखं दिसतं ते 'र', 'सी'सारखं ते 'स', 'एच'सारखं ते 'न', 'बी'सारखं ते 'व', 'वाय'सारखं ते 'उ' आणि 'एक्स'सारखं ते 'ह'. एवढी सहा पाठ केली की जी पाटी 'पेक्टोपाह्ट' वाटत होती तिचं सरळ 'रेस्तोरान्त' होतं. या लिपीचा बल्गेरियाला फार अभिमान आहे. नवव्या शतकाच्या अखेरीस ती इथल्याच प्रेस्लाव्हमध्ये घडली, २००७ मध्ये युरोपीय संघाची तिसरी अधिकृत लिपी झाली, आणि २४ मे हा तिच्या नावाने सुट्टीचा दिवस असतो.

सामान टाकून दुपारी सेर्दिका स्थानकातच परत या, कारण बघायचं तिथूनच सुरू होतं. २०१० च्या सुमारास दुसऱ्या मार्गिकेसाठी खणताना सेर्दिका, म्हणजे रोमन काळातलं सोफिया, सापडली. दगडी रस्ते, घरं, नळमार्ग, अगदी चौकासकट. स्थानकाच्या भुयारी वाटांमध्येच ते सगळं खुलं करून ठेवलं आहे, वर काचेची छतं आहेत, तिकीट नाही. ऑफिसातून घरी निघालेली माणसं हातात पिशव्या घेऊन रोमन फरशीच्या कडेने जातात, ढुंकूनही बघत नाहीत. तुम्ही रस्त्याच्या मोठ्या फरश्या नीट बघा: मधोमध किंचित फुगवटा आहे, पाणी कडेला जावं म्हणून. रोमन सम्राट गॅलेरियस याने ख्रिस्ती लोकांचा छळ थांबवणारा हुकूम काढला तो याच गावातून, इसवी सन ३११ मध्ये. प्रसिद्धी मात्र दोन वर्षांनंतरच्या मिलानच्या हुकुमाला मिळाली. दुसऱ्या क्रमांकाच्या गावांचं असंच होतं.

त्याच भुयारी चौकात सेंट पेत्का हे बुटकं चर्च आहे. रस्त्यावरून त्याचं फक्त कौलारू छप्पर गुडघ्याच्या उंचीवर दिसतं. पाच मिनिटं चालून राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयामागच्या चौकात जा. तिथे खड्ड्यात बसल्यासारखी लाल विटांची गोल इमारत दिसेल. हा सेंट जॉर्जचा रोटुंडा, चौथ्या शतकातला. शहरात उभी असलेली सर्वांत जुनी वास्तू हीच. रोमन काळात बांधला गेला, मग चर्च झाला, ऑटोमन काळात मशीद आणि आता पुन्हा चर्च. आत भिंतचित्रांचे एकावर एक थर आहेत; दिवा कमी असतो, डोळे सरावायला दोन मिनिटं द्या. बाहेर दर तासाच्या ठोक्याला पहारा बदलतो, तेव्हा दहा मिनिटं आधी चौकात असाल असं जमवा.

रात्री जेवताना मानेचा प्रश्न येतो. बल्गेरियात होकार म्हणजे मान दोन्ही बाजूंना हलवणं आणि नकार म्हणजे मान वर झटकून 'च्च' करणं. 'च्च'चा अर्थ आपल्याला शिकवायला लागत नाही. घोटाळा होतो तो होकारात: वेटरने 'आणखी काही?' म्हणून विचारलं आणि आपण मान डावी-उजवीकडे हलवून नको म्हटलं की आणखी एक ताट येतं. उलट आपली ती अर्धवट डुलणारी मान इथे चक्क 'हो' म्हणून कळते. त्यात पर्यटकांशी बोलायची सवय झालेली पोरं कधीकधी तुमच्यासाठी मुद्दाम उलटी मान हलवतात. मान स्थिर ठेवून 'दा' म्हणजे हो आणि 'ने' म्हणजे नाही, एवढं तोंडाने बोलावं. आभारासाठी 'ब्लागोदार्या' जमलं नाही तर 'मेर्सी' म्हणा. तेही तसंच म्हणतात.

दिवस दुसरा: पिवळ्या विटा, चार प्रार्थनास्थळं, गरम नळ

न्याहारीला रस्त्यावरच्या खिडकीतून बानित्सा घ्या: पातळ पापुद्र्यांत अंडं आणि सिरेने हे पांढरं चीज घालून भाजलेली. गरम असेल तरच घ्या; गार झाली की तूप गोठतं आणि ती चामडी होते. तिच्याबरोबर बोझा पितात. तपकिरी, दाट, आंबटगोड, धान्य आंबवून केलेलं पेय. बऱ्याच परदेशी लोकांना तो एका घोटात नकोसा होतो, पण नाचणीची आंबील प्यायलेल्याला ओळखीचा वाटेल, फक्त गोड जास्त. छोटी बाटली घ्या.

राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयासमोरच्या जुन्या मशिदीत राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय आहे, नऊ शिशाचे घुमट असलेलं. वेळ एकाच संग्रहालयाला असेल तर हेच. तिथे वल्चित्रानचा खजिना आहे: सोन्याची तेरा भांडी, एकूण १२.५ किलो, १९२४ मध्ये शेतात सापडलेली. आणि थ्रेसचा राजा सेव्थेस तिसरा याचं कांस्याचं डोकं, २००४ मध्ये एका थडग्याच्या दारात पुरलेलं सापडलं ते. डोळे काचेचे आणि दगडाचे बसवलेले, पापण्यांचे केस तांब्याच्या पट्टीचे कापून केलेले. समोर उभं राहून तेवढ्या पापण्याच बघाव्यात.

इथून पूर्वेला पिवळ्या विटांचा रस्ता सुरू होतो. ऑस्ट्रियाच्या सम्राटाने बल्गेरियाच्या फर्डिनांडला लग्नाचा आहेर म्हणून या विटा पाठवल्या, असं अनेक वाटाडे सांगतात. लग्न झालं १८९३ मध्ये, विटा बसल्या १९०७-०८ मध्ये. आहेर पोचायला एवढा उशीर होत नाही. विटा पालिकेने पैसे देऊन आणवल्या. पाऊस पडला की त्यांच्यावरून पाय सटकतो, विशेषतः गुळगुळीत तळव्यांच्या बुटांचा. बाकीच्या पदपथांवर वेगळीच गंमत असते. सुट्या झालेल्या फरशीखाली पाणी साचतं, तिच्यावर पाय पडला की पिचकारी थेट पोटरीपर्यंत येते. डुगडुगणारी फरशी ओळखायला एक दिवस लागतो.

रस्त्याच्या टोकाला अलेक्झांडर नेव्स्की कॅथेड्रल. सोफियाचं म्हणून जे एक छायाचित्र सगळीकडे दिसतं ते याचं. १८७७-७८ च्या रशिया-तुर्कस्तान युद्धात बल्गेरियासाठी मेलेल्या रशियन सैनिकांच्या स्मरणार्थ. पायाभरणी १८८२, बांधकाम पुरं १९१२. वर बारा घंटा, सर्वांत मोठी जवळजवळ बारा टनांची. आत जायला पैसे नाहीत. बहुतेक लोक आत चक्कर मारून परततात आणि खालचं तळघर चुकवतात. त्याचं दार बाहेरून, वेगळं आहे. तळघरात जुन्या धार्मिक चित्रांचं दालन आहे.

त्याहून महत्त्वाचं ते शेजारचं लाल विटांचं, साध्यासुध्या अंगाचं सेंट सोफिया. सहाव्या शतकातलं. गाव आधी सेर्दिका होतं, मग स्रेदेत्स झालं, आणि चौदाव्या शतकात या चर्चवरून 'सोफिया' म्हणू लागले. सेर्दिका स्थानकाजवळच्या चौकातला उंच खांबावरचा सोनेरी बाईचा पुतळा म्हणजे सोफिया, आणि तिच्यावरून गावाचं नाव पडलं असं समजून लोक फोटो काढतात. तो पुतळा अलीकडचा, लेनिनच्या जागी उभा केलेला आहे. ऑटोमन काळात हे चर्च मशीद झालं, १८१८ आणि १८५८ च्या भूकंपांत पडझड झाली, मिनार कोसळला आणि जागा सोडून दिली गेली. तळघरात तिकीट काढून उतरा. चर्चच्या फरशीखाली रोमन दफनभूमी आहे, विटांच्या कमानींची थडगी, जुन्या चर्चांच्या रंगीत फरश्या. वाटा अरुंद आहेत, कमानी कमी उंचीच्या. सहा फुटी माणसाने डोकं सांभाळावं. चर्चच्या मागे राष्ट्रकवी इव्हान वाझोव्ह यांची समाधी आहे. तिच्यावर ठेवलेला ओबडधोबड प्रचंड दगड वितोशा डोंगरावरून आणलेला आहे. उद्या तसले हजारो दिसतील.

जवळच एका हॉटेलच्या खालच्या मजल्यात रोमन रंगमंडल आहे. २००४ मध्ये हॉटेलचा पाया खणताना सापडलं. आत जाऊन सरळ 'बघू का' विचारायचं. रिंगण साधारण साठ मीटर बाय त्रेचाळीस.

दुपारी पश्चिमेकडे. शे-दोनशे पावलांच्या अंतराने चार प्रार्थनास्थळं: सेंट नेदेल्या हे ऑर्थोडॉक्स चर्च, सेंट जोसेफ कॅथॉलिक, बान्या बाशी मशीद आणि ज्यूंचं सिनेगॉग. नेदेल्यात १६ एप्रिल १९२५ रोजी एका जनरलच्या अंत्यविधीच्या वेळी छतात ठेवलेला स्फोट झाला, दीडशेहून जास्त माणसं गेली. राजा बोरिस तिसरा तेव्हा दुसऱ्याच एका अंत्यविधीला गेला होता म्हणून वाचला. सिनेगॉग १९०९ चं आहे. आत जाताना झडती होते, पासपोर्ट जवळ ठेवा. जर्मनीच्या गोटात असूनही १९४३ मध्ये बल्गेरियाने स्वतःच्या मूळ हद्दीतल्या सुमारे ४८,००० ज्यूंना छावण्यांकडे पाठवलं नाही. संसदेचे उपाध्यक्ष दिमितर पेशेव आणि ऑर्थोडॉक्स धर्मगुरू आडवे उभे राहिले. ही गोष्ट गावात अभिमानाने सांगतात. तिची दुसरी बाजू हळू आवाजात येते: बल्गेरियाच्या ताब्यातल्या मॅसिडोनिया आणि थ्रेसमधून ११,३४३ ज्यू पाठवले गेले.

मशिदीमागे पट्ट्यापट्ट्यांची सुंदर इमारत आहे ती जुनी सार्वजनिक स्नानगृहं. १९८६ पर्यंत लोक तिथे अंघोळ करत. आता शहराचं संग्रहालय आहे. इमारतीच्या बाजूला नळांची रांग आहे आणि त्यांतून जमिनीखालचं गरम पाणी अखंड वाहतं. म्हातारी माणसं ढकलगाडीवर पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन येतात. घाईने तोंड लावू नका, पाणी चहाइतकं नसलं तरी चांगलं चटका देणारं असतं. प्लास्टिकची पातळ बाटली भरली तर ती मऊ पडून वाकते. म्हणून तिथले लोक जाड कॅन आणतात. हे शहर इथे का वसलं याचं उत्तर त्या नळांत आहे. रोमनांनाही हेच पाणी हवं होतं.

संध्याकाळी जवळच्या गल्ल्यांत 'क्लेक' दुकानं शोधा. क्लेक म्हणजे उकिडवं बसणं. १९८९ नंतर खासगी धंद्याला मोकळीक मिळाली, दुकानाला जागा भाड्याने घेण्याइतके पैसे कुणाकडे नव्हते, तेव्हा लोकांनी घरांच्या तळघराच्या खिडक्याच उघडल्या. खिडकी पदपथाच्या पातळीवर, माल काचेत मांडलेला, गिऱ्हाइकाने उकिडवं बसून पैसे द्यायचे. आता थोडीच उरली आहेत. बहुतेक रात्री उशिरा पाणी-बिअर-सिगारेट विकतात.

शाकाहाऱ्यांसाठी थोडं सविस्तर. शॉप्स्का सलाड सगळीकडे मिळतं: टोमॅटो, काकडी, कांदा, मिरची आणि वर किसलेलं सिरेने. तारातोर म्हणजे पातळ दह्यात काकडी, लसूण, शेपू, अक्रोड. आपली काकडीची कोशिंबीर वाटीतून प्यायची असं समजा. क्योपोलू मागवाच: भाजलेलं वांगं आणि ढोबळी मिरची, लसणासकट ठेचून. भरीतच, फक्त गार आणि भाकरीऐवजी पावाशी. चुश्की ब्युरेक म्हणजे चीज भरून तळलेल्या मिरच्या. धोका सुपात असतो. बॉब चोर्बा हे घेवड्याचं सूप नावाला शाकाहारी, पण बऱ्याच ठिकाणी त्यात सॉसेजचे तुकडे असतात. 'बेझ मेसो', म्हणजे मांसाशिवाय, असं विचारा. त्याहून खात्रीचा शब्द 'पोस्नो'. तो तिथल्या उपासाचा शब्द, म्हणजे मांस-अंडी-दूध यांतलं काही नाही. उपासाला घेवडा कसा चालतो, हा प्रश्न मनातच ठेवावा.

दिवस तिसरा: वितोशा आणि बोयाना

वितोशा हा सोफियाचा सिंहगड. रविवारी सकाळी सगळं गाव काठ्या आणि थर्मास घेऊन तिकडे निघतं. म्हणून शक्यतो आठवड्याच्या मधला दिवस पाहा. एक अडचण आहे: सिमेओनोव्होहून वर जाणारी केबिनची दोरवाट आठवड्यातले काही दिवसच चालते आणि वारा असला की तीही बंद. आदल्या रात्री खात्री करा. बसचा रस्ता जास्त भरवशाचा. मेट्रो २ ने वितोशा स्थानक, तिथून चालत ह्लादिल्निकाचा बसतळ, आणि ६६ क्रमांकाची बस थेट अलेको झोपडी या डोंगरावरच्या गिर्यारोहकांच्या आसऱ्यापर्यंत, सुमारे १,८०० मीटरवर. बसच्या फेऱ्या कमी असतात, परतीची वेळ फोनमध्ये टिपून ठेवूनच चालायला लागा.

डोंगर आधी आणि चर्च नंतर, हा क्रम मोडू नका. उन्हाळ्यात दुपारनंतर ढग जमतात आणि विजा होतात, आणि वरचा माथा अगदी उघडा आहे. अलेकोहून चेर्नी व्र्ह या शिखरापर्यंत सुमारे ५०० मीटर चढ, रमतगमत दोन तास. शिखर २,२९० मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा ६४४ मीटरनी उंच, पण चढण कळसूबाईच्या निम्म्यानेही अवघड नाही. ना शिड्या, ना घसारा. फसवतं ते हवामान. खाली गावात तिशीत असलं तरी माथ्यावर वारा बोचरा असतो आणि धुकं दहा मिनिटांत येतं. वाऱ्याचं जाकीट, टोपी, लिटरभर पाणी. वाट दिसेनाशी झाली तर हिवाळ्यासाठी रोवलेल्या खांबांच्या रांगेला धरून चाला, आडवाट घेऊ नका. मदतीचा क्रमांक ११२. माथ्यावर हवामान केंद्र आहे आणि चहाची खोली. लेखक अलेको कॉन्स्टान्टिनोव्ह यांनी ऑगस्ट १८९५ मध्ये सुमारे तीनशे लोकांना घेऊन हेच शिखर गाठलं. बल्गेरियातल्या गिर्यारोहणाची सुरुवात तिथून मोजतात.

उतारावर दगडांच्या नद्या दिसतात: पाण्याऐवजी गोलाकार प्रचंड धोंडे वरपासून खालपर्यंत वाहत आल्यासारखे. स्थानिक लोक त्यांना 'मोरेनी' म्हणतात, म्हणजे हिमनदीने आणलेले. प्रत्यक्षात इथे हिमनदीचा संबंध नाही. खडक जागच्या जागी झिजला, माती पाण्याने धुऊन गेली आणि गोटे उरले. कान देऊन ऐकलं तर धोंड्यांखालून पाणी वाहत असतं, दिसत नाही.

दोनच्या सुमारास ह्लादिल्निकाला परत, तिथून ६४ क्रमांकाची बस बोयाना चर्चकडे. बाहेरून हे चर्च झाडीतलं एखादं जुनं घर वाटतं. आत एका वेळी आठ-दहा जण, तेही दहा मिनिटं. फोटो बंद. कारण श्वासाची वाफ आणि उष्णता; भिंतीवरचा रंग आठशे वर्षांच्या जवळ पोचला आहे. म्हणून आत काय बघायचं ते बाहेरच ठरवा. दारातून आत गेल्यावर पहिला भाग एकोणिसाव्या शतकातला आहे, तिथे मिनिटं घालवू नका. चित्रं पुढच्या भागात, १२५९ सालची, इटालियन चित्रकार जोत्तोने इटलीतल्या पडवाला रंगवलेल्या चित्रांच्या चाळीसहून जास्त वर्षं आधीची. आधी देसिस्लावा शोधा, चर्चला देणगी देणाऱ्या कालोयानची बायको. चेहरा एखाद्या ओळखीच्या बाईचा वाटावा इतका सजीव, आणि बोटं झग्याच्या बंदाशी चाळा करताहेत. मग शेवटच्या भोजनाचं चित्र: येशूसमोरच्या ताटात लसूण आणि मुळा आहे, तिथल्या शेतकऱ्याच्या जेवणातला. बाहेर आल्यावर झाडीत राणी एलिओनोराचं साधं थडगं आहे. जुनं पाडून नवं मोठं चर्च बांधायचा गावचा बेत तिने थांबवला आणि १९१७ मध्ये तिला इथेच पुरलं.

दिवस चौथा: रिला मठ

खिशातलं बल्गेरियाचं एक युरोचं नाणं काढून बघा. त्यावर दाढीवाला साधू आहे तो इव्हान रिल्स्की, दहाव्या शतकात रिलाच्या रानात गुहेत राहिलेला. त्याच्या शिष्यांनी उभारलेला हा मठ सोफियाच्या दक्षिणेला सुमारे १२० किलोमीटरवर, १,१४७ मीटर उंचीवर आहे.

थेट सरकारी बस दिवसातून एखादीच आणि तिची वेळ हंगामानुसार बदलते. तुटक प्रवास करायचा तर दुप्नित्सा आणि रिला गाव असं दोनदा बदलावं लागतं आणि अख्खा दिवस स्थानकांवर जातो. एका दिवसासाठी जाऊन-येऊन करणारी शटल बस हाच शहाणपणाचा मार्ग. मात्र बऱ्याच सहली रिला आणि बोयाना एकत्र बांधतात, तेव्हा मठात जेमतेम दोन तास मिळतात. बोयाना काल झालेलं असेल तर फक्त रिलाची सहल निवडा. गुडघे आणि खांदे झाकणारे कपडे हवेत.

बाहेरून किल्ल्याची भिंत, दारातून आत पाऊल टाकलं की काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानींचे चार मजले. १८३३ च्या आगीत जुना मठ जळाला, लोकवर्गणीतून हा उभा राहिला. आगीतून वाचला तो मधला दगडी ह्रेल्यो बुरूज, चौदाव्या शतकातला. चर्चच्या ओसरीवरची नरकाची चित्रं सावकाश बघा: वजनात फसवणारा दुकानदार, मांत्रिक बाई, आणि प्रत्येकाच्या मानगुटीवर सैतान. आत बोरिस तिसऱ्याच्या थडग्यात फक्त त्याचं हृदय आहे.

संग्रहालयाचं तिकीट वेगळं आहे, काढाच. राफाईल नावाच्या साधूने लाकडाच्या एका तुकड्यात कोरलेला क्रॉस तिथे आहे, ८१ सेंटिमीटर उंचीचा. १०४ प्रसंग, साडेसहाशे आकृत्या, प्रत्येक जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. बारा वर्षं लागली, १८०२ मध्ये पुरा झाला, आणि तोवर राफाईलची दृष्टी गेली होती. नंतर मागच्या दाराबाहेरच्या भट्टीवर मेकित्सा घ्या: दह्यात भिजवलेल्या पिठाची तळलेली पुरी, वर पिठीसाखर. रांग असली तरी थांबा, ती गरमच खायची.

परतीची सकाळ

सकाळी झेन्स्की पझार, म्हणजे बायकांचा बाजार. चुब्रित्सा ही वाळवलेली पाल्याची पूड घ्या. बटाट्याच्या भाजीवर छान लागते. ल्युतेनित्सा, म्हणजे भाजलेल्या मिरची-टोमॅटोची चटणी, बरण्यांत मिळते, पण ती हातातल्या सामानात ठेवलीत तर सुरक्षा तपासणीत जाणार. शंभर मिलिलिटरचा नियम तिलाही लागू आहे. गुलाबाच्या तेलाच्या लाकडी डब्या जपून. एक किलो खऱ्या तेलाला तीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात, त्यामुळे दोन युरोंत मिळणाऱ्या डबीत काय असेल ते ताडा.

दही सोबत नेता येणार नाही, तेव्हा सुपरमार्केटमधून चारशे ग्रॅमचा डबा घ्या आणि बाकावर बसून संपवा. 'किसेलो म्ल्याको' म्हणायचं. १९०५ मध्ये स्तामेन ग्रिगोरोव्ह यांनी जिनिव्हात बसून या दह्यातला जिवाणू ओळखला, त्याच्या नावात अजून 'बल्गेरिकस' आहे. ते आपल्या विरजणापेक्षा आंबट आणि घट्ट असतं. ढवळलं की सैल होतं, म्हणून चमच्याने काप काढत खा.

घरात युरोआधीच्या चलनाचे जुने लेव्ह उरले असतील, कुणा नातेवाइकाने आणलेले, तर बल्गेरियन नॅशनल बँक ते मुदतीशिवाय बदलून देते. दर पक्का: एका युरोला १.९५५८३ लेव्ह.

विमानतळाला जाताना फलाटावर डब्यावरची पाटी वाचा. सेर्दिकाहून एकाच रुळावर मेट्रो १ आणि ४ दोन्ही येतात आणि म्लादोस्त १ या स्थानकानंतर फुटतात. 'लेतिश्ते सोफिया' लिहिलेली तीच विमानतळाची. चुकून बिझनेस पार्कच्या गाडीत बसलात तर म्लादोस्त १ लाच उतरा आणि त्याच फलाटावर पुढच्या गाडीची वाट बघा. मध्यभागातून अर्धा तास धरा आणि एखादी गाडी चुकेल म्हणून आणखी पंधरा मिनिटं.